लोह्याच्या पुढे रस्ता नाही

अण्णांना लकवा झाला तेव्हा त्यांना एसटीतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून लातूर–नांदेड या एकाच रस्त्यावर गेली. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड. लहानपणी मला पाढ्यांच्या आधी ही गावं ओळीनं पाठ झाली होती. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं हळूहळू परत आला. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई रबरी चेंडू दाबायला द्यायच्या. त्या समोर असेपर्यंत अण्णा तो दाबायचे, त्या गेल्या की बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

मी लातुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथं जेवणाच्या सुट्टीत एकजण मोबाईलवर बस चालवायचा गेम खेळत होता. मी सहज डोकावले, तर बस आपली लालपरी, आणि काचेवर पाटी लातूर–नांदेड. मी डबा तसाच ठेवून त्याच्या शेजारी बसले. आष्टामोडचा फाटा आला. चाकूरच्या अलीकडचा उतार आला. रस्त्याकडेची रसवंतीसुद्धा होती, तिच्यापुढचं उसाच्या चरकाचं चाक नीट जागच्या जागी.

हा गेम कुठल्या तरी परदेशी कंपनीचा. त्यात आपला रस्ता, आपली बस कंपनीनं घातलेली नव्हती. असलं काही खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी घरी बसून करतं आणि सगळ्यांना फुकट देतं. त्याला मोड म्हणतात. घरी आल्यावर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मोड म्हणजे आष्टामोड का?" मी म्हटलं, "तो पण हाय त्यात."

मी अण्णांसाठी एक टॅब आणला आणि त्यात तो गेम आणि हा मोड टाकून दिला. त्यात स्टिअरिंग पडद्याच्या डाव्या बाजूला येतं. ते डाव्या अंगठ्यानं फिरवायचं. ब्रेक आणि रेस उजवीकडे. पहिल्या दिवशी अण्णांनी बस डेपोच्या फाटकावरच घातली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात गाडी चाकूरला पोहोचली आणि पुढं काही दिवसांनी अहमदपूरच्या स्टँडात नीट फलाटाला लागली. अण्णा मला हाक मारून म्हणाले, "बघ, लागली का नाही?"

"कुणी केलंय गं हे?" त्यांनी एकदा विचारलं.

"नांदेडचा कुणीतरी हाय. नाव न्हाई लिहिलेलं."

"लई बघून केलंय त्यानं. माळाकोळीच्या पुढं एक बाभळ रस्त्यावर वाकलेली हाय. ती पण घेतली."

सकाळच्या गाडीची वेळ झाली की अण्णा चहा संपवून टॅब घ्यायचे. समोरून ट्रक अंगावर आला की त्याला शिव्या द्यायचे. अंगठा वळायला लागला, मग बोटंही. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हे बंद करू नका. आम्हाला वाटलं, आता गाडी मार्गाला लागली.

मग एक दिवस गेम आपोआप अपडेट झाला. मला ते कळलंही नाही. मी लॅबला निघायच्या तयारीत होते आणि अण्णा पलंगावर टेकून नांदेडकडे चालले होते. लोहा सुटलं. पुढच्या वळणावर बसचं नाक अचानक खाली गेलं आणि अख्खी गाडी रस्त्याच्या पोटात शिरली. रस्ता वर राहिला, गाडी खाली. करड्या रंगाच्या पोकळीत ती नुसती पडत राहिली आणि इंजिनचा आवाज चालूच. अण्णांनी ब्रेकवरचा अंगठा काढला नव्हता. मी टॅब त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"माणसं होती आत," ते म्हणाले.

"अण्णा, गेम हाय तो. काहीतरी बिघडलंय. कंपनीनं काहीतरी बदललं असंल."

"मला कळतंय की. तरी पण."

मी मोड काढून परत टाकला. टॅब बंद करून चालू केला. संध्याकाळी मी स्वतः लोह्यापासून चालवून बघितलं. त्याच वळणावर, तशीच गाडी खाली गेली. बाहेरून बघायचा कॅमेरा लावला तर रस्ता, बाभळी, पाट्या सगळं जागेवर दिसत होतं. फक्त त्याखाली काही नव्हतं.

अण्णांनी त्यावर तोडगा काढला. ते लोह्याच्या स्टँडात गाडी उभी करायचे, थोडं थांबायचे आणि परत लातूरला आणायचे. पण त्या बसमधले प्रवासी नांदेडचे. ते उतरायचे नाहीत. गाडी परत फिरली तरी तसेच समोर बघत बसून राहायचे. अण्णांना ते बघवेना. "लोकांना फसवायलो मी," असं ते एकदा आईला म्हणाले. तिनं ते मला नंतर सांगितलं. हळूहळू त्यांनी टॅब हातात घेणंच सोडलं आणि हात पुन्हा मांडीवर आला. चेंडू दिला तर म्हणायचे, "ठेव तिथं. बघतो."

मला धास्ती बसली ती तेव्हापासून. लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना मी मध्येच मोबाईल काढून त्या मोडच्या पानावर जायचे. तिथं हजारो लोकांनी तो उतरवून घेतला होता, म्हणून खालच्या प्रतिक्रियाही संपत नव्हत्या. वरच्या जुन्या होत्या. भाऊ झकास, भाऊ एक नंबर, भाऊ उदगीरचा रस्ता पण करा, किनवटचं जंगल करा, मुदखेडचं रेल्वे फाटक टाका. खाली येत गेलं की सूर बदलत जायचा. लोह्याच्या पुढे गाडी पडते. कधी दुरुस्त करणार? झोपलास का? जमत नव्हतं तर केलं कशाला? त्याच्याही खाली जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. त्याच्या आईवरून होतं, धर्मावरून होतं. त्या सगळ्यात त्या माणसाचं शेवटचं उत्तर एकच ओळीचं होतं. बघतो भावांनो, थोडा वेळ द्या. त्यानंतर कित्येक महिने तो तिथं फिरकला नव्हता.

मी पण लिहिलं. माझे वडील आजारी आहेत, त्यांच्यासाठी विचारते, असं नम्रपणे लिहिलं. पाठवल्यावर माझ्याच लक्षात आलं की त्या ढिगात माझंही एक ओझंच पडलं. उत्तर आलं नाही.

अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तो माणूस बरा हाय का ते बघ आधी."

"कसं बघू? पत्ता न्हाई, नाव न्हाई."

"एवढा रस्ता केलेला माणूस असा अर्ध्यात सोडून जात नसतो. काहीतरी झालं असंल त्याला."

त्या वाक्यानं माझी झोपच गेली. तोवर मला फक्त रस्ता दुरुस्त व्हायला हवा होता. आता तो माणूस आहे की नाही, हीही काळजी लागली.

मी गेम उघडला आणि बस न चालवता नुसता कॅमेरा नांदेडच्या बाजूला नेला. तिथं बसस्टँडपासून बरीच आत एक गल्ली होती. बस तिथं जाऊच शकत नाही इतकी अरुंद. नांदेडातल्या बाकीच्या इमारती म्हणजे नुसते रंगवलेले डबे होते, पण ही गल्ली जीव लावून केलेली. घड्याळ दुरुस्तीचं एक छोटं दुकान, पाटी मराठीत आणि उर्दूत. शेजारून वर जाणारा लोखंडी जिना, जिन्याखाली निळा ड्रम, पत्र्यातून वर आलेलं लिंबाचं झाड. ज्या गल्लीत कुणी खेळणारा येणारच नाही, ती एवढी बारकाईनं कोण करील? ज्याचं तिथं घर आहे तोच. पाटीवरचं दुकानाचं नाव मला वाचता आलं.

मी लगेच गेले नाही. आधीच ज्याला लोकांनी हैराण केलंय त्याच्या दारात जाऊन उभं राहणं बरोबर आहे का, हे मला ठरवता येत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "भांडायला चाललीस का? न्हाई ना? मग जा."

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. लोह्याच्या पुढचं वळण आलं तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. गाडी सरळ वळली आणि पुढे गेली.

जुन्या नांदेडात इतवाऱ्याच्या बाजूला विचारत विचारत गल्ली सापडली. जिना तोच, ड्रम तोच. लिंबाचं झाड मात्र तोडलेलं, पत्र्याला नुसतं भोक. घड्याळाच्या दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर धूळ साचली होती. मी जिन्याशी उभी राहून हाक मारली. वरून एक बाई डोकावल्या, डोक्यावरचा पदर सावरत.

"कौन होना?"

मी दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. "हे घड्याळवाले इथंच राहतात का, भाभी?"

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "गेम का पूछने आए क्या? वो अब नै करते. जाओ."

"मी दुरुस्तीचं विचारायला न्हाई आले," मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं. "ते बरे आहेत का, एवढंच बघायचं होतं. माझ्या वडिलांनी पाठवलंय. ते एसटीत ड्रायव्हर होते, लातूर–नांदेडलाच. आता लकवा झालाय. ते रोज तुमच्या रस्त्यावर गाडी चालवायचे."

बाईंनी आत वळून बघितलं. आतून कुणीतरी खोकलं. मग बनियनवर घाईनं शर्ट चढवत एक माणूस जिन्यात आला. चाळिशी उलटलेली, दाढी अर्धी पिकलेली, डोळ्यांखाली काळं.

"वर या ताई," तो म्हणाला. "ड्रायव्हरसाहेबांसाठी आलाव म्हणून बोलतो. न्हाईतर मी दार उघडणं सोडलंय."

तो जिवंत आहे, हे बघून अर्धी काळजी तिथंच गेली. मी वर गेले.

त्यांची खोली लहान आणि स्वच्छ होती. खिडकीशी एक टेबल, त्यावर घड्याळांचे बारीक पेचकस, भिंग, दिवा. दुकान बंद करून ते आता घरीच काम करत होते. भाभींनी चहा ठेवला, पण त्या दारापासून हलल्या नाहीत.

ते सांगायला लागले, त्यांची बहीण लातूरला दिलेली. तिच्याकडे जाता-येता ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचे आणि मोबाईलवर रस्ता टिपायचे. घरी येऊन एकेक तुकडा जोडायचा. दोन वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. "घड्याळाचंच काम हाय ते," ते म्हणाले. "बारीक बारीक बसवत जायचं. मला मजा यायची. लोकांना आवडलं तर अजून मजा आली."

"मग?"

"मग गेमवाल्यांनी एक अपडेट काढला. ढाब्याचं छत उडालं. मी बसवलं. दुसरा आला, तर बसची चाकं दिसंनात. ते पण केलं. दर वेळेला त्यांनी काहीतरी बदलायचं आणि लोकांनी मला इचारायचं. मी काय नोकर होतो का ताई? पण उत्तर दिलं न्हाई तर बरं वाटायचं न्हाई. जेवताना फोन वाजला की घास खाली जायचा न्हाई."

पुढं कुणीतरी माझ्यासारखीच ती गल्ली बघून दुकानाची पाटी वाचली आणि त्यावरून नंबर शोधून काढला. हे ऐकताना मी मान खाली घातली. फोन सुरू झाले. कुणी दुरुस्तीसाठी, कुणी नुसतं शिव्या द्यायला. दोन पोरं दुकानात येऊन उभी राहिली आणि व्हिडिओ काढायला लागली. तेव्हापासून घड्याळवाल्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि हृदय चांगलं आहे म्हणून सांगितलं. धडधड तशीच राहिली. भाभींनी सिम काढून टाकलं, दुकानाला कुलूप लावलं.

"आणि लोह्याचं वळण?" मी शेवटी विचारलंच.

ते हसले, पण चेहरा तसाच राहिला. "ते मला कळलंय काय झालंय. वरचा रस्ता आणि खालची जमीन वेगळी असते त्यात. गेमवाल्यांनी जमिनीचं माप बदललं, आन् तिथं माझा एक जोड हाय, तो निसटला. मूळ फाईल असती तर एका बैठकीचं काम. पण लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. सगळं गेलं. दोन वर्षांचं." ते थोडं थांबले. "खोटं बोलत न्हाई ताई. ती गेली तेव्हा मला हायसं वाटलं."

म्हणजे हा रस्ता आता कधीच दुरुस्त होणार नव्हता. मी चहाचा कप हातात धरून बसले. अण्णांना काय सांगायचं, हे मनात जुळवू लागले, आणि ते जुळेना.

तेच म्हणाले, "साहेबांचा टॅब कुठंय?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुना, काच तडकलेला फोन काढला. त्यात अपडेटच्या आधीचा गेम होता, ज्यावर त्यांनी हा रस्ता तपासून बघितला होता. त्यांनी नवा गेम काढून जुना टाकला, मोड टाकला, स्वतः लोह्यापासून पुढे चालवून बघितलं. त्यांच्या खांद्यावरून मी बघत होते आणि दारातून भाभीही. वळण आलं, गाडी पुढे गेली.

"याला नेट लावू नका," ते म्हणाले. "कधीच न्हाई. एकदा नेट लागलं की हा आपोआप नवा होतो आन् सगळं परत पडतं. आणि हा टॅब गेला तर दुसऱ्यात चालंल का, मला म्हाईत न्हाई."

निघताना मी एक गोष्ट बोलले. तिथं लोक अजून वाट बघतायत. हा मोड बंद झालाय एवढं तरी लिहून टाका, म्हणजे तुमच्याही मागचं सुटंल. भाभी म्हणाल्या, "नक्को." ते मात्र विचारात पडले. त्यांना त्या पानावर जायचंच नव्हतं, म्हणून माझ्या मोबाईलवरून त्यांच्या खात्यात शिरलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. हा मॅप आता बंद आहे. मूळ फाईल राहिलेली नाही, त्यामुळे दुरुस्ती होणार नाही. लोह्याच्या पुढे रस्ता नाही, तिथून पुढे गाडी नेऊ नका. मला माफ करा.

"माफी कायकू?" भाभी दारातून म्हणाल्या. "क्या चोरी किए क्या तुम?"

ते म्हणाले, "शेवटचं काढा ताई." मी ती ओळ काढली. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं आणि लगेच फोन माझ्याकडे ढकलला.

"आता काय येतंय ते तुम्ही वाचा. मला सांगू नका. लईच काही असलं तर हिला सांगा."

भाभींनी आपला नंबर दिला. परतीच्या गाडीत मी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला होता. सोनखेड गेल्यावर सरळ केला. पहिल्या काही प्रतिक्रिया मी अपेक्षिल्या होत्या तशाच होत्या. त्याखाली एकानं लिहिलं होतं, भाऊ तब्येत सांभाळा, आम्ही लोह्यापर्यंतच चालवू. ती मी भाभींना जशीच्या तशी पाठवली. बाकीच्या पाठवल्या नाहीत.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी गाडी काढली. आई आणि मी दोघी पलंगाशी उभ्या. लोहा सोडल्यावर त्यांनी वेग इतका कमी केला की मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. गाडी वळणावरून गेली, पुढे गेली, आणि त्यांनी ती नांदेडच्या फलाटाला लावली. प्रवासी उतरले. अण्णांनी टॅब ठेवला आणि डाव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली. "माणूस बरा हाय ना?" त्यांनी विचारलं. मी हाव म्हटलं.

हाताला पुन्हा गुण यायला लागला आहे. पण टॅब फार तापतो. एकदा शेजारचा मुलगा सहज म्हणून वायफाय लावायला गेला, तर आईनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि मग बिचाऱ्याला लाडू दिला. रोज लॅबला निघताना मी नेट बंद आहे का ते बघते, गेट उघडते आणि पुन्हा आत येऊन बघते.

दर दोन-चार दिवसांनी भाभींना फोन करते. त्या आधी हाच प्रश्न विचारतात, "आज क्या आया?" मी म्हणते, काही विशेष नाही. मागे एकानं खूप वाईट लिहिलं तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं वर करायला सुरुवात केली आहे, सकाळचा थोडा वेळ.

गेल्या आठवड्यात मला एक नवीन मोड दिसला. लातूर–नांदेड, नवा, दुरुस्त केलेला, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी तो माझ्या मोबाईलवर घेऊन बघितला. लोह्याचं वळण नीट आहे. बाभळ तीच, रसवंती तीच. कॅमेरा नांदेडच्या आत नेला तर गल्लीही तीच, म्हणजे मूळ फाईल नसतानाही कुणीतरी घड्याळवाल्यांचाच मोड फोडून तेवढा जोड बसवलेला. जिना, ड्रम, न तोडलेलं लिंबाचं झाड, आणि दुकानाची पाटी, अजून वाचता येण्यासारखी. खाली ज्यानं टाकलाय त्याला लोक भाऊ झकास म्हणतायत. दुकानाचा पत्ता पुन्हा हजारो लोकांच्या हातात गेला आहे.

अण्णांना मी तो दाखवला नाही, कारण त्यांचा आहे तो चालू आहे. भाभींना फोन लावायला घेतला आणि ठेवला. सांगितलं तर शटर पुन्हा खाली येईल. नाही सांगितलं आणि कुणी दुकानात येऊन उभं राहिलं, तर त्यांना आधी माहीत असायला हवं होतं. ज्यानं मोड टाकलाय त्याला मी लिहिलं आहे, की निदान ती पाटी पुसून टाका. त्यानं अजून वाचलेलं नाही. उद्या मी नांदेडला जाणार आहे. फोनवर बोलण्यापेक्षा जिन्यात उभं राहून सांगितलेलं बरं, असं आई म्हणते.